केरीच्या धक्क्यावर ऐकलेली हाक

माझी नणंद माया परीक्षेचे पेपर तपासून कंटाळली होती आणि मला तेरेखोलचा किल्ला बघायचा होता. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघींनी डिचोलीहून स्कूटर काढली. कोलवाळचा पूल, धारगळ, पेडणे, मग हरमलवरून केरी. रस्ता चांगला आहे, पण पेट्रोल पेडण्यातच भरून घ्या. धारगळला हमरस्त्यावर वाऱ्याने स्कूटर अशी ढकलली की मायाने माझी कंबरच आवळली.

केरीला पोचलो तर नदीपलीकडच्या किल्ल्याकडे नेणारी फेरी बंद. बोट धक्क्याला दोरखंडांनी बांधलेली, नदीच्या मुखाशी पाणी गढूळ आणि फेसाळलेलं. ऊन लख्ख, आकाशात एक ढग नाही, तरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरांची दारं लावलेली. मागे सुरूचं बन एकसारखं घुमत होतं.

एकच हॉटेल उघडं होतं, शेवंतीबाईचं. पातळ भाजी, गरम उंडे पाव, चहा. भाजी झकास होती, पण वाढणारीचं लक्ष सारखं बाहेर.

"वारा कधी पडेल हो?" मायाने विचारलं.

"काय सांगू बाय? घोव माझो फाटफटी होडी घेऊन गेलो, जाळी काढूक. अजून येवक नाय."

म्हणजे नवरा पहाटेपासून पाण्यात होता. आम्ही काही बोलणार, तेवढ्यात हाक आली.

"शेवंतेऽऽ!"

पुरुषाचा आवाज, दमलेला, स्पष्ट. पण तो पाण्याकडून आला नाही. आमच्या पाठीमागून, सुरूच्या बनातून आला.

फेरीवरचे दोघे बनाकडे धावले आणि हात हलवत परतले. तिथे कोणी नव्हतं. तोवर पुन्हा तीच हाक. शेवंतीबाई उठली, तशी शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या सीतारामकाकांनी तिचं मनगट धरलं.

"ओ देऊ नको, शेवंते. माणूस दर्यात आणि हाक रानातसून? असल्या हाकेक ओ दिली, तर देणारो माणूस जितो रवणा नाय."

माया शाळेत विज्ञान शिकवते. तरी तिने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि खुर्ची बनापासून दूर सरकवली.

तिसरी हाक अगदी क्षीण आली. शेवंतीबाईने हात हिसडला, धक्क्याच्या टोकापर्यंत धावली आणि समुद्राकडे तोंड करून ओरडली, "ओऽऽ! हांगा! हांगा यो!"

पदर उडून तोंडावर येत होता, तरी ती थांबली नाही. आवाज फाटला तेव्हा आम्ही ओरडू लागलो, फेरीवाले ओरडू लागले आणि शेवटी सीतारामकाकाही.

बऱ्याच वेळाने पाण्याच्या चकाकीत एक काळा ठिपका दिसला. फेरीवाल्यांनी दोर टाकून होडी ओढून घेतली. वल्हं अर्धं मोडलेलं, माणसाच्या अंगावर मिठाचा पांढरा थर. त्याला बसवून पाणी पाजलं.

"उजेडान डोळेच दिपले," तो कसाबसा पुटपुटला. "किनारो खंय ता समजेना. तुझो आवाज आयकलो आणि तेच्या वाटेन वल्हयलं. नायतर खडपार आपटान होडी फुटली असती."

"पण आधी तुम्ही हाक मारलीत ना?" मी विचारलं.

त्याने गळ्यावर हात ठेवला. "माझो ताळो सकाळीच बसलो, बाय. हाक खंयची मारतंय?"

त्याचं हे बोलणंसुद्धा ऐकायला मला वाकावं लागलं होतं.

शेवंतीबाईने एकदा सुरूंकडे पाहिलं, नवऱ्याला हाताला धरून आत नेलं आणि भर दुपारी दार लावून घेतलं. संध्याकाळी फेरी सुरू झाली, पण किल्ल्यावर जायला आमचे पाय वळले नाहीत.

तुम्ही केरीला जरूर जा. वारा असेल तर फेरीची चौकशी आधीच करा. माया अजून म्हणते, गावातलाच कोणीतरी बनातून हाका मारत असेल. असेलही. मला मात्र घरी आल्यापासून एकच गोष्ट सोडत नाही. सीतारामकाका बोलले तेव्हा मी शेवंतीबाईचा चेहरा पाहिला होता. त्यांचा शब्दन् शब्द तिला पटला होता. पटला होता, आणि तरी तिने ओ दिली.