जांभ्याला घातलेलं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही.

रत्नागिरीच्या वीजकंपनीत मी नवा इंजिनीअर म्हणून लागलो. पॉवरहाऊसच्या मागे जमिनीत तांब्याचा पत्रा पुरलेला होता. यंत्रात कुठे वीज फुटलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेने जमिनीत उतरावी, म्हणून. आमचा वायरमन मिरकरवाड्याचा, पूर्वी बोटीच्या इंजिनावर राबलेला. उन्हाळ्यात तो रोज सकाळी त्या जागेवर मूठभर मीठ टाकून दोन कळश्या पाणी ओतायचा.

“काय, नैवेद्य झाला का?” मी विचारायचो.

“झाला. तुम्ही आंघोळीशिवाय शिवू नका.”

वैशाखात विहीर तळाला गेली. इंजिन थंड ठेवायलाच पाणी पुरेना. मी ते ओतणं बंद करवलं.

“साहेब, हा जांभा. पाणी धरीत नाही. जमीन सुकली की वीज उतरायची कुठे?”

“पुस्तकात असं काही नाही.”

“पुस्तकवाला उन्हाळ्यात इकडे आला नसेल.”

मी ऐकलं नाही. आठ-दहा दिवसांनी पंपाच्या मोटारीत वीज फुटली. वायरमनचा हात तिच्या लोखंडाला लागला नि तो फेकला गेला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

मुंबईहून मोठे साहेब चौकशीला आले. पत्र्याचा खड्डा उकरला, तर आत कोरडा भुगा. “पाणी कोणी बंद केलं?”

माझी नोकरी त्या उत्तरावर होती. फडकं बांधलेला हात पोटाशी धरून तोच म्हणाला, “मीच विसरलो.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “असं का केलंत?”

“तुम्हाला घालवलं असतं. मग नवा येणार, त्याला परत पहिल्यापासून शिकवा! तुम्ही आता चुकायचे नाही.”

त्याला वाटलं होतं, ताकीद देऊन सोडतील. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. तेव्हाही आत जाऊन खरं सांगता आलं असतं. साहेब टेबलाशीच बसले होते. मी गेलो नाही.

पुढे मोठमोठे इंजिनीअर पाहिले. पायाखालची जमीन इतकी ओळखणारा दुसरा नाही भेटला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात पाणी मीच ओतलं. बाजाराकडे जाताना तो कधीमधी कुंपणाशी थांबायचा. माफी मागायची, असं मी दर खेपेला ठरवायचो.

“घातलंत?” तो विचारायचा.

“घातलं.”

मग डाव्या हाताने टोपी सारखी करून तो चालू लागायचा.