शिरवण्यात राहिलेला स्पीकर

घरातली वस्तू कोणाची, पैसे भरणाऱ्याची की तिच्यावाचून ज्याचं अडतं त्याची? जुन्या स्पीकरच्या तापलेल्या धुळीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली, नेरुळजवळच्या शिरवणे गावातली एक दुपार आठवते. आम्ही नेरुळला नवे राहायला आलो होतो आणि बाबांना जुना कॅसेट डेक हवा होता. शिरवण्यातला एक तरुण सीडी प्लेअर आणणार म्हणून आपला डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर विकत होता. आई-बाबांसोबत आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने भजन लावून दाखवलं. त्याची म्हातारी आई एका स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून बसली होती. बाबा वायर काढायला वाकले, तशी तिने स्पीकरला मिठीच मारली. "टेन्शन नका घेऊ, तिला ऐकूच येत नाय," मुलगा हसला. म्हातारी माझ्या आईला म्हणाली, "कान गेलं, बाय. पन हातानं कलतंय." चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली माझी आई मुलाकडे वळली. "कसेल त्याची जमीन, हे जमिनीसाठी लढलेल्या तुमच्या गावाला मी सांगायला नको. मग हा स्पीकर कोणाचा?" "काकी, डेक घ्यायला आलात की भाषन द्यायला?" तो म्हणाला, पण म्हातारीचा हात बघून त्याने बाबांना थांबायची खूण केली. शेवटी बाबांनी डेक आणि एकच स्पीकर घेतला. दुसरा नव्या सीडी प्लेअरला जोडायला तिच्यापाशी राहिला. आमच्याकडे अजून गाणं एकाच बाजूने येतं आणि मला ते अपुरं वाटत नाही. तुम्ही जुनी वस्तू घ्यायला जाल, तेव्हा भाव ठरवण्याआधी त्या घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला विचारा, "नेऊ का?"