मागच्या दाराचा सिनेमा

सुक्या बोंबलांचा वास आला की तो रविवार आठवतो. जुईनगरच्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी शेजाऱ्याला अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांवरचा एक सिनेमा दाखवत होतो. काळ्यांना हॉटेलात मागच्या दाराने घेतात, त्या प्रसंगाला त्याने चक्क जांभई दिली. "बंडल पिक्चर! आपल्याकडे असलं काय आहे?" माझं डोकंच फिरलं. "तुमच्यासारख्यांमुळेच असे सिनेमे पडतात," मी ओरडलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात दिवाळे गावातली कोळीण, डोक्यावर पाटी, धापा टाकत. "वॉचमन लिफ्टीत नाय घेत, दादा." शेजारी माझ्याकडे बघून हसला. मासेवाल्यांना लिफ्ट बंद, या नोटिशीवर सेक्रेटरी म्हणून सही माझीच होती. त्या सिनेमाला कुणी नावं ठेवली तर मी आजही भांडतो. नोटीस लिफ्टशेजारी तशीच आहे.