यादीत झरी पहिली

दुकानात किस्से साठतात ते जुन्या नटबोल्टांसारखे. फेकवत नाहीत, आणि गप्पांना बसलं की नेमके हाताला लागतात. आमचं परभणीत मोटारपंप-स्प्रिंकलरचं दुकान. ऑर्डर घ्यायचं ॲप मी व्हिडिओ बघून बघून स्वतःच बनवलं. त्यात गाव निवडायची एक यादी आहे, बोट लावलं की खाली उघडते. सगळे किस्से त्या यादीचे.

*

पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं यादी उघडली, तर आत एकही गाव नाही. म्हणालं, "सेठ, सगळा जिल्हा ऊसतोडीला गेला का?"

चूक माझीच. गावांचा तक्ता बनवला होता, यादीला जोडायचाच राहिला होता.

*

जोडला. मग प्रत्येक ऑर्डर पिंगळीची! आमचे टेम्पोवाले गफूरभाई म्हणाले, "पिंगळीत घरं कमी आन मोटारी जास्त झाल्या, सेठ."

यादीत पिंगळी पहिली. लोक गाव न निवडताच पुढं जायचे. वर 'गाव निवडा' अशी ओळ घातली. निवडल्याशिवाय पुढं जाणंच बंद.

*

मग सासरे आले. ते झरीचे. यादी सरकवत सरकवत गेले, तर झरी सगळ्यात खाली. चहा अर्धाच घेतला. बायकोनं विचारलं, लग्नाच्या पत्रिकेत बाबांचं नाव असं शेवटी छापलं असतं का? मी झरी उचलून सगळ्यात वर ठेवली.

पिंगळीच्या विठ्ठलरावांनी आदल्याच दिवशी वीस स्प्रिंकलर सेट सांगितले होते. ते पोचले झरीला! गफूरभाईंचा फोन, या नावाचा माणूसच नाही इथं. पाठोपाठ विठ्ठलरावांचा: "चारपर्यंत माल न्हाई आला तर दुसरीकडून घेतो. आन पिंगळीत तुमचं नाव संपलं."

पुण्याचा एक जाणकार फोनवर म्हणाला, ॲप नव्यानं बनवावं लागेल. फोन ठेवला आणि स्वतःच शोधायला बसलो. ऑर्डरीत गाव लिहिलंच जात नव्हतं, गावाचा यादीतला नंबर लिहिला जात होता. झरी वर गेली आणि पिंगळीचा एक नंबर तिला मिळाला. पंगतीत माणूस तोंडावरून ओळखायचा, मी ओळखत होतो पाटावरून!

प्रत्येक गावाला कायमचा कोड दिला, यादी त्या कोडाला बांधली, जुन्या ऑर्डरी दुरुस्त केल्या. साडेतीनला माल पिंगळीत. विठ्ठलरावांनी आणखी दहा सेट सांगितले.

*

आता गाव यादीत कुठंही बसवा, धोका नाही. म्हणून मी एक सोय केली. ज्याचा मोबाईल, त्याचं गाव पहिलं.

परवा सासरे आणि विठ्ठलराव दुकानात एकाच बाकावर. विठ्ठलराव मोबाईल दाखवत ऐटीत सांगायला लागले, सेठनं पिंगळीला पहिला मान दिलाय. सासऱ्यांनी चष्मा लावला, आपला मोबाईल काढला. झरी पहिली.

दोघांनी दोन्ही मोबाईल शेजारी ठेवून पडताळून पाहिले. मग सासरे माझ्याकडं वळले.

"जावईबापू, तुमी आता इलेक्शनला उभं राहा."