टिकलीवाला मोबाइल

सुमन आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोबाइलला टिकली लावणं. चार दिवसांनी ती गेली. टिकली राहिली.

पिंपळगावला आमची द्राक्षं भरायची शेड आहे. पोरानं, विलासनं, मला दोन सारखेच मोबाइल दिले. एकावर बोललं की ते फक्त शेडमधल्या माणसांना जातं. दुसऱ्यावर बोललं की कंपनीच्या वेबसाइटवर, साऱ्या जगाला. (मी चौथी नापास. बोलायचं मी, लिहायचं मोबाइलनं.) सुमन म्हणाली, "बाहेरच्याला टिकली लावू. मी नाय का बाहेर निघताना लावत?" आणि कपाळावरची काढून तिनंच चिकटवली.

ती गेल्यावर त्या मोबाइलकडं बघवेना. टिकली काढून मी तिच्या फोटोच्या काचेवर लावली. फोटो छान दिसायला लागला. मोबाइल मात्र दोन्ही बोडके, माझ्यासारखे.

एका दुपारी शेडमधल्या बायांना निरोप दिला, "उद्या मुंबईचे शेठ येणार. सगळ्या हंगामाचा माल त्यांनी घेतला तर घेतला. माणूस लय किरकिरा. मागच्या साली पाच घड खाल्ले आन मग म्हणे आंबट. पोट सुटलंय, मोडक्या खुर्चीवर बसवू नका. आन कोणी हसायचं नाय."

पाच मिनिटांत विलास पळत आला.

"अण्णा, काय बोललात?"

"खरं तेच."

"ते वेबसाइटवर गेलंय!"

"मग पूस."

"पुसलं. पण शेठनी आधीच वाचलं. त्यांचाच फोन होता."

"काय म्हणले?"

"उद्या येतो म्हणले. खुर्ची बघायची हाय म्हणले."

सून हळूच म्हणाली, "आई असत्या तर..."

"तर टिकली जागेवर असती," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचा डबा उघडला, नवी टिकली काढली. मोबाइल पुसायला हात मोकळे हवेत म्हणून ती तेवढ्यापुरती कपाळावर चिकटवली. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. तसाच धावलो.

शेठ उतरले, माझ्याकडं बघतच राहिले. मी हात जोडले, "शेठ, चुकलं माझं." आधी त्यांचं पोट हललं, मग हसू फुटलं. हसता हसता ते नेमके मोडक्या खुर्चीवर बसले. खुर्चीनं दम धरला. बाया तोंडात पदर कोंबून उभ्या. हंगामाचा सगळा माल ठरला.

मला वाटलं, माफी आपल्याला झकास मागता येते. दुपारी तोंड धुताना टिकली हाताला लागली.