चावत नाहीत, असं मी सांगितलं

मी कीटकांवर काम करते. मला भीती वाटते ती माणसांची, तीही खुर्च्या मांडून समोर बसलेल्या.

फेब्रुवारीत बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत सहाव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं. सेक्रेटरींनी रविवारी औषध मारणाऱ्याला बोलावलंही होतं. मी म्हटलं, आधी मला मीटिंगमध्ये दहा मिनिटं बोलू द्या.

त्याच आठवड्यात एका परिसंवादात माझे वाभाडे निघाले होते. या माश्या शहरातही टिकतील, असं मी म्हणून गेले, आणि पहिल्या रांगेतल्या सरांनी विचारलं, कशावरून? तिथे प्रत्येक वाक्याला 'बहुधा' किंवा 'शक्यता आहे' जोडल्याशिवाय सुटका नाही. सोसायटीत हे चालणार नव्हतं.

"मॅडम, चावतात की नाही, एवढंच सांगा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

'बहुधा' म्हटलं असतं तर मोहोळ गेलंच असतं.

"छेडलं नाही तर चावत नाहीत," मी छातीठोकपणे सांगून टाकलं. औषधवाला रद्द झाला, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर मात्र मला घाम फुटला.

कारण मोहोळाच्या बरोबर खाली, पाचव्या मजल्यावर, मालवणकडच्या काकू एकट्या राहतात. घारीने झडप घातली, कुणी रॉकेट सोडलं, तर माश्या आधी त्यांच्याच खिडकीत शिरणार होत्या. पुढचे तीन आठवडे मी येता-जाता लिफ्ट पाचव्यावर थांबवून त्यांच्या दाराला कान लावायचे. मिक्सर ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस काहीच ऐकू आलं नाही. मी बेल वाजवत राहिले. काकूंनी दार अर्धंच उघडलं, उजवा हात पदराखाली. मीच पदर बाजूला केला. हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता. चार दिवसांपूर्वी खिडकी पुसताना चावल्या होत्या. डॉक्टरकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. लेकालासुद्धा कळवलं नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"अगो, तू सगळ्यांसमोर सांगितलंस ना, चावत नाहीत म्हणून. मग माका चावली, असं मी खंयच्या तोंडाने सांगू?"

मी सगळ्यांना एक सोयीचं वाक्य दिलं होतं, आणि ते खरं राहावं म्हणून ही बाई हात लपवून बसली होती. अजून कुणी लपवत असेल तर?

तिथेच बसून मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. चावू शकतात, एकीला चावल्यात, मी चुकीचं सांगितलं, खिडक्या बंद ठेवा, पावसाआधी माश्या बहुधा मोहोळ सोडून जातील. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"मग आता मारतले त्यांका?"

मोबाईल वाजायला लागला होता. सेक्रेटरींचा फोन होता.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं. त्या डाव्या हाताने माझी पाठ थोपटत होत्या.