भरतीआधीची पुळण

अष्टमी गावचा निसीम रोहेकर भित्रा होता. पूल आला की तो जीप पहिल्या गिअरमध्ये टाकायचा, समोरून एसटी दिसली की आधीच मातीत उतरून उभा राहायचा. भाऊ बायकापोरांसह इस्रायलला गेला. निसीम मागे राहिला, कारण जायचं तर विमानात बसावं लागणार होतं. लोक हसायचे. पण बाळंतिणी आणि म्हातारी माणसं न्यायची असली की त्याचीच जीप बोलवायचे.

जीप लष्कराच्या लिलावातली. विकताना हिरामण हवालदारानं गिअरशेजारच्या दोन आखूड दांड्या दाखवल्या होत्या. "वाळूत गेलास तर चाकांतली हवा कमी कर, या दोन्ही टाक, मग चारी चाकं ओढतील. आणि पाय हलका ठेव." पुढे पेणच्या एका मिस्त्रीनं सांगितलं, "जुनं काम हाय. या ओढल्यास तर गिअरबॉक्स हातात येईल." दोघांत जो भीती घालत होता त्याचं निसीमला पटलं. त्या दांड्यांना त्यानं कधी हात लावला नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मिठागरावरच्या जनूच्या मुलीची, पूजाची हळद होती. निसीमची बायको सारा हिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. पण पूजा तिच्या मांडीवर खेळलेली, तेव्हा घरी बसणं शक्य नव्हतं. न्यायला जनू स्वतः आला. गावचा रस्ता खणून ठेवलेला.

"पुळणीवरनं चल," जनू म्हणाला. "ओहोटी हाय. मी रोज चालतो, डांबरी रस्त्यावानी हाय."

"तू चालतोस रे. जीप पाठीवर घेऊन चालतोस काय?"

मागे पाय लांब करून बसलेली सारा म्हणाली, "चला वो. तुमचं भिऊन होईपर्यंत पोर सासरी जाईल."

निसीम खाडीच्या वाळूत उतरला. जनूचे पाय ज्या वाळूनं वर्षानुवर्षं पेलले, तिनं जीप काही पेलली नाही. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. निसीमचा जीव दचकला आणि जिवाबरोबर पायही. त्यानं अॅक्सिलरेटर दाबला तो दाबलाच. चाकं गरगरली, वाळूचे फवारे उडाले, मागची बाजू पोटापर्यंत खाली गेली.

इंजिन बंद झालं तेव्हा बारीक सळसळ ऐकू आली. मागे, मघाशी कोरडी ओलांडलेली चरी आता पाण्यानं चमकत होती. भरती लागली होती.

काठ दोन्हीकडे लांब. एकटा माणूस पळत सुटला तर पोचला असता. प्लास्टरातली बाई उचलून दोघे पोचले नसते. हे तिघांनाही कळलं. निसीमची नजर काठाकडे गेली, आणि आपले पाय त्या दिशेला वळलेत हे पाहून तो आणखीच घाबरला.

"तुमी दोघं जा," सारा म्हणाली. "जनू, तुज्या पोरीची हळद हाय."

"गप ऱ्हा वैनी."

डोळ्यांवर हात ठेवून निसीम आपली यहुदी प्रार्थना पुटपुटू लागला, "शेमा इस्राएल…"

"ते मरताना म्हणतात," सारा ओरडली. "आदी हवा काढा!"

त्यानं खिळा घेतला आणि चाकामागून चाकाच्या वॉल्वमधली पिन दाबून धरली. फुस्स आवाज येत राहिला. पंप जवळ नव्हता. गेलेली हवा परत येणार नव्हती. चाकं पोट सुटल्यासारखी पसरली. जनूनं हातांनी वाळू उकरून चाकांमागे जीपमधली गोणपाटं कोंबली. पुढच्या चाकाला पाणी लागलं.

निसीम बसला. दांड्या गंजून घट्ट झालेल्या. त्यानं दोन्ही हातांनी, डोळे मिटून ओढल्या. खडाक् झालं. गिअरबॉक्स जागेवरच होता.

त्यानं चप्पल काढून टाकली आणि उघडा अंगठा अॅक्सिलरेटरवर ठेवला. रिव्हर्स. सगळं अंग म्हणत होतं, दाब, दाब, पाणी आलं. त्यानं दाबलं नाही. मांडी थरथरत होती, म्हणून डाव्या हातानं ती धरून ठेवली. जीप बोटभर मागे सरली. थांबल्यासारखी झाली. मग गोणपाटावर चढली आणि आपल्याच चाकोऱ्यांतून, चालत्या माणसाच्या वेगानं मागे निघाली. जनू बाजूनं धावत बोंबलत होता, "थांबू नको! दाबू नको!" चरीचं पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं. तळाशी कालवांची टरफलं करकरली, आणि जीप पलीकडे निघाली.

कडक जमिनीवर आल्यावरही निसीमनं ती बांधापर्यंत तशीच उलटी नेली.

जनू हळदीच्या घरी सांगायला बांधावरून पळाला. निसीम खाली उतरला आणि मागे गेला. सारानं सीटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरलेला होता. त्यानं हाक मारली, "सारा गो." तिनं मान हलवली, पण दांडा सुटेना. तो तिचं एकेक बोट सोडवू लागला.